दिसतं वेड लागल्यासारखं, पण कारण अँटीबॉडी असू शकते

"सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत, म्हणजे शरीरात काही नाही, मानसिकच आहे." हे वाक्य कानावर पडलं की मला राहवत नाही, कारण त्यात दोन चुका एकदम आहेत. पहिली म्हणजे मन आणि शरीर ही दोन वेगळी खाती धरलीयेत, जणू मेंदू शरीरात मोडतच नाही. आणि दुसरी, रिपोर्ट कुठले? हिमोग्लोबिन, शुगर आणि सिटी स्कॅन नॉर्मल आला याचा अर्थ एवढाच की हिमोग्लोबिन आणि शुगर ठीक आहे आणि मेंदूत मोठी गाठ किंवा रक्तस्राव दिसला नाही. बास, त्यापलीकडे त्या रिपोर्टना काहीच माहीत नसतं.

शरीरातला बिघाड मनाच्या लक्षणांतून बाहेर पडतो हे डॉक्टरांना फार आधीपासून ठाऊक आहे. एकेकाळी युरोप-अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांत 'जनरल पॅरेसिस' नावाच्या आजाराचे पेशंट मोठ्या संख्येने असायचे, मी सम्राट आहे, माझ्याकडे अफाट संपत्ती आहे असे भ्रम, मग विसरभोळेपणा, मग लकवा आणि मृत्यू. १९१३ मध्ये नोगुची आणि मूर यांनी अशा पेशंटच्या मेंदूतच सिफिलिसचा जंतू दाखवला, आणि पुढे पेनिसिलिन आल्यावर हा आजार जवळपास दिसेनासा झाला. १९४९ मध्ये रिचर्ड ॲशर या ब्रिटिश डॉक्टरने १४ पेशंटची माहिती छापली, सगळ्यांना मानसिक लक्षणं आणि सगळ्यांचं थायरॉइड कमी. बी १२ फार कमी झालं तरी भ्रम होऊ शकतात, स्टेरॉइडच्या गोळ्यांनी माणूस अचानक अति उत्साही होऊन झोपेनासा होऊ शकतो, आणि म्हातारं माणूस एका रात्रीत असंबद्ध बोलायला लागलं तर कधी कधी कारण निव्वळ लघवीचं इन्फेक्शन निघतं.

पण मला खरं सांगायचंय ते एनएमडीए रिसेप्टरच्या (मेंदूतल्या पेशींवरचं एक प्रोटीन) आजाराबद्दल, कारण यात मन बिघडण्याची यंत्रणा जवळजवळ रेणूपर्यंत उलगडली गेलीये आणि असं मानसिक लक्षणांच्या बाबतीत फार कमी वेळा होतं.

२००५ मध्ये होसेप दालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार बायकांचं वर्णन केलं. सगळ्यांना मानसिक लक्षणं, मग शुद्ध हरपत जाणं, श्वास मंदावणं, आणि चौघींच्याही अंडाशयात टेराटोमा नावाची गाठ. टेराटोमा ही विचित्र गाठ असते, तिच्यात केस सापडतात, दात सापडतात आणि कधी कधी चक्क मेंदूसारख्या पेशीही असतात. २००७ मध्ये याच टीमने गुन्हेगार पकडला, एनएमडीए रिसेप्टरला चिकटणारी अँटीबॉडी. म्हणजे शरीराची रोगप्रतिकारशक्ती गाठीतल्या मेंदूसारख्या पेशींविरुद्ध हत्यार बनवते आणि तेच हत्यार खऱ्या मेंदूत पोचतं. (गाठ नसतानाही हा आजार होतो, पुरुषांना आणि लहान मुलांनाही होतो, कधी नागिणीच्या कुळातल्या हर्पिस व्हायरसने मेंदूला सूज आल्यावर काही आठवड्यांनी होतो.)

आता हा रिसेप्टर काय चीज आहे ते बघू, इथे थोडं हळू वाचा. न्यूरॉनच्या, म्हणजे मेंदूतल्या पेशीच्या, पृष्ठभागावर चार तुकड्यांचं एक प्रोटीन बसलेलं असतं आणि त्याच्या मधोमध एक भोक. ते भोक उघडायला ग्लुटामेट (एका न्यूरॉनचा निरोप दुसऱ्याला पोचवणारं रसायन) हवं, सोबत ग्लायसिन (किंवा डी-सेरिन) हवं, आणि तेवढ्यानेही भागत नाही, कारण भोकात मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा अडकलेला असतो. न्यूरॉन आधीच दुसरीकडून उत्तेजित झाला, त्याचा व्होल्टेज वर गेला, तरच ते बूच उडतं आणि कॅल्शियम आत शिरतं. म्हणजे दोन घटना एकाच वेळी घडल्या तरच हे दार उघडतं! 'हे आणि ते एकत्र घडलं' अशी नोंद करणारा भाग आपल्या डोक्यात रेणूच्या रूपात बसलाय, आणि शिकणं, आठवणी तयार होणं हे बऱ्याच अंशी याच्यावर उभं आहे.

अँटीबॉडीचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा, दोन हात असलेला. एका हाताने एक रिसेप्टर धरते, दुसऱ्या हाताने शेजारचा, असे रिसेप्टर एकमेकांना बांधले गेले की पेशी ते बांधलेलं गाठोडं आत ओढून घेते. पृष्ठभागावरचे रिसेप्टर कमी कमी होत जातात. हे सिद्ध कसं केलं ते मला फार आवडतं: संशोधकांनी अँटीबॉडीचा एकच हात वेगळा काढून न्यूरॉनवर टाकला तर तो चिकटला, पण रिसेप्टर आत गेले नाहीत. मग त्या एकेकट्या हातांना दुसऱ्या अँटीबॉडीने एकत्र बांधलं तर लगेच आत जायला लागले. म्हणजे नुसतं चिकटणं पुरेसं नाही, दोन रिसेप्टर बांधले जाणं हाच खरा घाव. आणि सगळ्यात महत्त्वाचं, न्यूरॉन मरत नाही. अँटीबॉडी काढून टाकली की काही दिवसांत रिसेप्टर पृष्ठभागावर परत येतात.

रिसेप्टर कमी झाले की भ्रम का व्हावेत? केटामाइन आणि पीसीपी ही औषधं हेच भोक बंद करतात आणि निरोगी माणसालाही काही काळ भास-भ्रम होतात, हा एक मोठा पुरावा. बऱ्याच संशोधकांना असं वाटतं की इतर पेशींना लगाम घालणारे जे न्यूरॉन असतात ते या रिसेप्टरवर जास्त अवलंबून असतात, ते थंडावले की लगाम सुटतो आणि बाकीच्या पेशी बेताल पेटायला लागतात.

पेशंटमध्ये हे असं दिसतं: आधी ताप, डोकेदुखी, मग काही दिवसांत संशय, भास, झोप उडणं, असंबद्ध बडबड, आणि मग फिट्स, तोंडाच्या विचित्र हालचाली, अंग ताठ होऊन तासन्‌तास तसंच राहणं. घराघरांतून 'झपाटलंय' म्हणतात त्याचं वर्णन याहून वेगळं आहे का सांगा! एक तरुण मुलगी अंगाला झटके देतेय, ओळख देत नाहीये, आणि तिला मांत्रिकासमोर बसवण्यात जे आठवडे जातात ते फार महागात पडतात, कारण उपचार लवकर सुरू झाले तर निकाल चांगला येतो. याच्या उलट टोकाला 'ब्रेन डिटॉक्स' आणि व्हिटॅमिनच्या बाटल्या विकणारे, तेही तितकेच घातक. आणि हा आजार दुर्मिळ आहे, स्किझोफ्रेनियाच्या बहुतेक पेशंटना हा नसतो, त्यामुळे हे वाचून कोणी कुणाच्या चालू गोळ्या बंद करू नका.

डॉक्टरांना शंका कशावरून यावी? लक्षणं दिवसा-आठवड्यांत झपाट्याने वाढणं, आधी कधी काही नसताना ताप किंवा फिट्ससोबत भास, अंगाची विचित्र हालचाल, भूल दिल्यासारखी शुद्ध कमी-जास्त होणं, मानसिक आजाराच्या औषधांनी अंग आणखी ताठ होणं. एमआरआय बऱ्याचदा नॉर्मल येतो (बघा, परत 'नॉर्मल'), ईईजीत (मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखात) बहुतेकदा गडबड दिसते, आणि पक्कं निदान पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून त्यात अँटीबॉडी शोधल्यावर होतं. उपचार म्हणजे गाठ असेल तर ती काढायची, आणि रोगप्रतिकारशक्तीला आवर घालायला स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन, प्लाझ्मा बदलणं, गरज पडली तर रिटुक्सिमॅब. २०१३ मध्ये ५७७ पेशंटचा मोठा अभ्यास छापून आला, त्यात दोन वर्षांनी सुमारे ८० टक्के पेशंटची तब्येत चांगली होती.

बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातलं क्नूट नावाचं पांढरं अस्वल २०११ मध्ये फिट येऊन पाण्यात पडून मेलं, आणि २०१५ मध्ये त्याच्या जपून ठेवलेल्या नमुन्यांत हीच अँटीबॉडी सापडली. अस्वलाला!

बरं होताना लक्षणं साधारण उलट्या क्रमाने जातात, आधी श्वास आणि शुद्ध सावरते, शेवटी वागणं. पण त्या आजाराचे आठवडे पेशंटला बहुधा आठवतच नाहीत, कारण आठवण लिहून ठेवणारा रिसेप्टरच त्या काळात पृष्ठभागावर फारसा उरलेला नसतो. आपण काय बोललो, कोणाला ओळखलं नाही, हे त्यांना नंतर घरच्यांकडूनच ऐकावं लागतं.