‘पिशवी’च्या आधी ‘कोयता’

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी 2019 च्या उन्हाळ्यात देशभर गेली. तिचा खलनायक लगेच ठरला, तो म्हणजे पैशासाठी धडधाकट बाईची पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढणारा खासगी डॉक्टर. असे डॉक्टर नव्हते असं कुणीच म्हणणार नाही. पण ती बाई त्याच्या टेबलापर्यंत का पोचली, याचं उत्तर दवाखान्यापेक्षा उसाच्या फडात जास्त सापडतं.

जुना भाग थोडक्यात. कालव्यांच्या पाण्यावर नगरकडे ऊस वाढला, 1950 मध्ये प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत पश्चिम महाराष्ट्रात धुराडी वाढत गेली. ऊस एकीकडे आणि तो तोडणारे हात दुसरीकडे, मराठवाड्यातल्या बालाघाटाच्या कोरडवाहू माळावर. 1972 च्या दुष्काळाने ही वाट रुळवली. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, वडवणी, धारूर इथली गावं दिवाळीच्या आसपास रिकामी व्हायची आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, भरायची, ती अजूनही तशीच. उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, मुकादम म्हणजे टोळी जमवून नेणारा ठेकेदार, हे शब्द बहुतेकांना माहीत असतात. ‘कोयता’ मात्र नेहमी अर्धवट समजला जातो.

कोयता हे हत्यार आहे, पण मुकादमाच्या वहीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ‘दहा कोयत्यांची टोळी’ म्हणजे वीस माणसं. एकटा गडी किंवा एकटी विधवा म्हणजे ‘अर्धा कोयता’. उचल कोयत्याला मिळते, टनाचा हिशेब कोयत्याच्या नावावर चढतो, आणि ते नाव बहुतेक वेळा नवऱ्याचं असतं. ऊस तोडणं, पाचट काढणं, मोळी बांधणं, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवणं, यातलं बाईचं काम किती आणि त्याचे पैसे किती, हे कुठल्याच कागदावर नसतं.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. समान वेतनाचा कायदा 1976 मध्येच आला, पण इथे समान कशाशी करायचं? बाईची मजुरी वेगळी लिहिलेलीच नाही. प्रसूती लाभाच्या कायद्यात आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असावं अशी अट आहे. गळीत हंगाम पाच-सहा महिने चालतो, म्हणजे दिवस सहज भरतात. मात्र मालक कोण? कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम कारखान्याकडे, आणि बाईची हजेरी दोघांकडेही नसते. 1979 चा स्थलांतरित कामगारांचा कायदा परराज्यात जाणाऱ्यांसाठी होता. बीडहून कर्नाटकात जाणारी टोळी त्यात बसू शकत होती, सांगली-कोल्हापूरला जाणारी नाही. त्याच गावची, त्याच कामाची माणसं.

आरोग्याशी याचा थेट संबंध ‘खाड्या’त, म्हणजे बुडालेल्या दिवसात आणि त्याच्या दंडात, येतो. बाई आजारी पडली तर एक माणूस कमी होत नाही, आख्खा कोयता मोडतो. एकट्याने तोडायचं कोणी, बांधायचं कोणी आणि चढवायचं कोणी? म्हणून दंड जोडीवर बसतो. दिवसाला पाचशे रुपयांचा आकडा 2019 च्या बातम्यांत वारंवार आला. तो उचलीत मिळवला जातो, आणि उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामाला पुन्हा त्याच मुकादमाकडे. पाळीचे चार दिवस हा अशा हिशेबात खर्चाचा आकडा होतो. त्यात कोपीत, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत, ना न्हाणी, ना संडास, पाणी लांबून आणायचं, फडक्याची घडी दिवसभर बदलायला आडोसा नाही, रात्री-बेरात्री गाडी आली की भरायला उठायचं. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं, कंबर धरणं या तक्रारी म्हणजे बहुतेकदा बऱ्या होणाऱ्या जंतुसंसर्गाच्या. पण औषध घेऊन आठवडाभर विश्रांती घ्यायला सांगणारा डॉक्टर तिला परवडत नाही. ‘पिशवी खराब झाली, गाठ आहे, पुढे कॅन्सर होईल’ असं सांगणारा परवडतो, कारण तो एकदाच खर्च सांगतो आणि खाडे कायमचे मिटवतो. शस्त्रक्रियेचा पैसा पुन्हा उचलीतूनच.

वयाचाही भाग आहे. हंगामात पोरीला गावी एकटी कुठे ठेवायची, या काळजीने लग्नं लवकर होतात आणि लग्न झालं की नवा कोयताही तयार होतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात सुमारे 22 टक्के होतं, बीडमध्ये 40 च्या वर. विशीत दोन-तीन बाळंतपणं आणि नसबंदी उरकलेल्या बाईला ‘आता पिशवीचं काय काम?’ असं म्हणणं सोपं जातं. बीजकोशही काढले गेले तर हाडं ठिसूळ होण्यासारखे त्रास तिशीतच मागे लागतात, हे तिला कुणी सांगत नाही.

2019 नंतर मात्र आकड्यांचीच भांडणं झाली. विधान परिषदेत सांगितलं गेलं की तीन वर्षांत जिल्ह्यातल्या 99 खासगी रुग्णालयांत 4,605 गर्भाशयं काढली गेली, आणि त्यातल्या अनेक बायका ऊसतोड कामगार नव्हत्या. मग नेमलेल्या समितीच्या पाहणीत 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची शस्त्रक्रिया झालेली निघाली, म्हणजे जवळपास 17 टक्के. दोन्ही आकडे खरे असू शकतात. पहिला तीन वर्षांतल्या शस्त्रक्रिया मोजतो, दुसरा आजवर कधीही झालेल्या. देशपातळीवर 15 ते 49 वयोगटात 2015-16 मध्ये हे प्रमाण 3.2 टक्के होतं. वयोगट अगदी जुळत नसल्याने काटेकोर तुलना करू नये, पण फरक केवळ वयाने भरून निघेल असा नाही.

शासनाने तातडीने केलं ते दवाखान्याच्या दारात. गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. हंगामाआधी आणि नंतर आरोग्य तपासणीची शिफारस आली. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांबाबतची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं राज्यांना लागू करायला सांगितली. तो खटला मुळात बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या प्रकरणांवरून उभा राहिला होता, बीडवरून नव्हे. परवानगीच्या अटीने बऱ्याच शस्त्रक्रिया टळल्या असतील. पण परवानगी नाकारलेल्या बाईचं पोट दुखायचं थांबत नाही, तिचा खाडाही माफ होत नाही.

‘कोयता’ मोडून प्रत्येकाची वेगळी हजेरी लावा, ही मागणी त्यामानाने मागे राहिली. तसं केलं तर मुकादम बायकांना आणणारच नाही, यंत्र आणेल, अशी भीती बोलून दाखवली जाते. मला ती अर्धीच पटते. दर वाढवून घेण्याच्या वाटाघाटी आजवर टनावरच झाल्या आहेत, आणि टनाच्या भाषेत बाई दिसत नाही ही सोय कारखाने आणि कामगार संघटना या दोन्ही बाजूंना अंगवळणी पडली आहे.

जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला. टनामागे. कामगारांच्या महामंडळासाठीची वर्गणीही टनामागेच, दहा रुपये. ओळखपत्रं आता माणसागणिक देण्याचं ठरलं आहे, बाईच्या नावाचं वेगळं. मुकादमाच्या वहीत मात्र त्या दोन ओळखपत्रांचा अजून एकच कोयता होतो.