हॅचबॅक की डिझेल युट? आधी इंजिन किती तापतं ते बघा

ऑस्ट्रेलियात २०१६ ते २०२४ या काळात दरवर्षी सर्वाधिक खपलेली गाडी युटच होती. आधी सात वर्षं टोयोटा हायलक्स, मग फोर्ड रेंजर. पुढे केबिन, मागे हौदा. आपण जिला पिकअप म्हणतो तीच ही जात. हायलक्स २०२२ पासून भारतातही मिळते, त्याच २.८ लिटर डिझेल इंजिनासह. मेलबर्न-सिडनीच्या उपनगरांतल्या मराठी घरात दुसऱ्या गाडीचा विषय निघाला की एकीकडे स्विफ्टसारखी छोटी पेट्रोल हॅचबॅक असते, दुसरीकडे युट. आणि युटची बाजू घेणारा हमखास म्हणतो, "डिझेल आहे, ॲव्हरेज चांगलं देईल."

हे अर्धंच खरं आहे. लिटरभर डिझेलमध्ये साधारण ३८.६ मेगाजूल ऊर्जा असते, पेट्रोलमध्ये ३४.२. म्हणजे लिटरमागे सुमारे १३ टक्के जास्त. शिवाय डिझेल इंजिन ती ऊर्जा वापरतंही काटकसरीने. पेट्रोल इंजिनात १ किलो इंधनाला १४.७ किलो हवा हे प्रमाण सांभाळावं लागतं. ताकद कमी हवी असेल तर थ्रॉटल मिटून हवाच अडवायची, आणि त्या अरुंद वाटेतून हवा ओढण्यात इंजिनाची शक्ती वाया जाते. डिझेलला हा जाच नाही. हवा येऊ द्यायची, इंधन तेवढं कमी फवारायचं.

पण ॲव्हरेज इंजिन एकटं ठरवत नाही. ११० किमी वेगाने फ्रीवेवर जाताना छोट्या हॅचबॅकला हवेचा विरोध साधारण ३५० न्यूटन होतो, टायरच्या घर्षणाचा ११० च्या आसपास. युटचं तोंड मोठं, आकार ठोकळ्यासारखा, वजन दुप्पट; तिला हवा ६५० न्यूटनने मागे ढकलते आणि टायर आणखी २५०. बेरीज केली तर हॅचबॅकला चाकांवर १४ किलोवॅट पुरतात, युटला जवळजवळ २८. डिझेलची काटकसर यातला काही भाग भरून काढते, सगळा नाही. त्यामुळे रोजच्या वापरात हॅचबॅक १०० किमीला ६ लिटर पीत असेल तर युट ९ पिते. आपल्या भाषेत लिटरला साडेसोळा विरुद्ध अकरा. वर्षाला १२,००० किमी धरले तर ७२० लिटर पेट्रोल विरुद्ध १,०८० लिटर डिझेल. डिझेल तिथे बहुतेक वेळा साध्या पेट्रोलपेक्षा महाग असतं, त्यामुळे भारतातून सोबत नेलेलं स्वस्त डिझेलचं गणित विमानतळावरच सोडलेलं बरं. एक लिटर जळल्यावर पेट्रोलमधून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, डिझेलमधून २.७. तोही हिशोब युटच्या विरोधातच जातो.

खर्चापेक्षा मोठा प्रश्न मात्र काजळीचा आहे, आणि विक्रेता तो स्वतःहून काढत नाही.

डिझेल सिलिंडरमध्ये थेंबांच्या रूपात फवारलं जातं. एकूण हवा भरपूर असली तरी थेंबाभोवती ती कमी पडते आणि तिथे काजळी तयार होते. ती बाहेर पडू नये म्हणून एक्झॉस्टमध्ये सिरॅमिकचा फिल्टर असतो, डीपीएफ (डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर). शेजारशेजारच्या बारीक नळ्या आलटून पालटून एका टोकाला बंद केलेल्या असतात, त्यामुळे धुराला सच्छिद्र भिंतीतूनच जावं लागतं आणि काजळी भिंतीवर अडकते. ती जाळून टाकायला सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. एक्झॉस्ट सहसा इतका तापत नाही, म्हणून दर काही शे किलोमीटरनंतर इंजिनाचा कॉम्प्युटर मुद्दाम उशिरा थोडं जास्तीचं इंधन सोडतो. ते कॅटॅलिस्टवर जळतं, फिल्टर तापतो आणि काजळी जळून जाते. याला रीजनरेशन म्हणतात. ते पुरं व्हायला गरम इंजिन, बऱ्यापैकी वेग आणि साधारण १५ ते २५ मिनिटं लागतात.

आता रोजचा दिनक्रम बघा. सकाळी शाळा, ३ किमी. मग रेल्वे स्टेशनचं पार्किंग, ४ किमी. संध्याकाळी तेच उलटं. मोठं डिझेल इंजिन तापायला वेळ लागतो. ते तापेपर्यंत गाडी बंद झालेली असते. रीजनरेशन सुरू झालंच तर अर्ध्यात तुटतं आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. दरवेळी उशिरा सोडलेल्या इंधनातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीला लागून रिंगांमधून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, आणि डिपस्टिकवरची पातळी घटण्याऐवजी वाढत जाते. ऑइल 'वाढलं' म्हणून खूश होऊ नका. बेअरिंग आणि टर्बोची झीज तिथूनच सुरू होते.

काजळी मर्यादेपलीकडे गेली की दिवा लागतो. त्याच दिवशी गाडी फ्रीवेवर काढून अर्धा तास ८० च्या वर चालवली तर बहुतेकदा काम भागतं. दिव्याकडे दुर्लक्ष केलं तर इंजिन ताकद कमी करून घेतं, मग वर्कशॉपमध्ये जबरदस्तीने रीजनरेशन, आणि तेही जमलं नाही तर नवा फिल्टर, म्हणजे काही हजार डॉलर. प्रत्येक तक्रारीचं खापर मालकावर फोडता येत नाही, हेही खरं. ऑक्टोबर २०१५ ते एप्रिल २०२० दरम्यान विकलेल्या डिझेल हायलक्स, प्राडो आणि फॉर्च्युनरमधली ही यंत्रणाच सदोष होती, असा निकाल फेडरल कोर्टाने २०२२ मध्ये दिला. तो दोष तर सलग १०० च्या आसपासच्या वेगातच उघडा पडायचा.

मग युट घ्यायची कशासाठी? ओझ्यासाठी. १९३४ मध्ये जिलाँगच्या फोर्ड कारखान्यात लुईस बँट यांनी पहिली युट आखली, ती गिप्सलँडच्या एका शेतकरणीच्या पत्रावरून, असं सांगतात: रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी गाडी द्या. आजच्या युटमध्ये सुमारे एक टन माल बसतो आणि ब्रेक असलेला साडेतीन टनांचा ट्रेलर ओढता येतो. २.८ लिटरचं इंजिन १,६०० फेऱ्यांपासूनच ५०० न्यूटन-मीटर टॉर्क देतं. छोट्या हॅचबॅककडे जेमतेम ११० च्या आसपास असतो.

पण "साडेतीन टन" हा आकडा जपून वाचा. समजा रिकामी युट २,१५० किलोची आहे आणि गाडी व ट्रेलर मिळून कमाल ५,८५० किलोंची परवानगी आहे. पूर्ण साडेतीन टन मागे जोडले की युटच्या वाट्याला २,३५० उरतात. म्हणजे माणसं, बुलबार (पुढचं लोखंडी गार्ड), हौद्यावरचं झाकण, सामान सगळं २०० किलोंत. चौघं बसली की संपलं. शिवाय ट्रेलरच्या वजनाच्या साधारण १० टक्के, म्हणजे ३५० किलो, हुकवर टेकलेले असतात. हुक मागच्या ॲक्सलच्या सव्वा मीटर मागे असतो, त्यामुळे तरफेसारखं होऊन मागच्या ॲक्सलवर सुमारे ४९० किलो येतात आणि पुढची चाकं १४० किलोंनी हलकी होतात. स्टिअरिंग सैल वाटतं, हेडलाइट झाडांच्या शेंड्यांकडे बघू लागतात.

रिकामी युट वेगळाच त्रास देते. मागचे पाटे टनभर मालासाठी बनवलेले, त्यामुळे मोकळ्या हौद्याने खड्ड्यात मागचं टोक उसळतं आणि ओल्या राउंडअबाउटवर मागचं चाक घसरतं. पार्ट-टाइम फोर-व्हील ड्राइव्ह कोरड्या डांबरावर लावू नये. वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि तो फरक गिअरच्या साखळीत ताण बनून साठतो. पार्किंगची जागा तिथल्या मानकानुसार ५.४ मीटर लांब, युट ५.३ मीटरच्या पुढे. सर्व्हिसला इंजिन ऑइल ७ ते ८ लिटर लागतं, तेही फिल्टरला चालणारं कमी राखेचंच. हॅचबॅकचं ३ ते ४ लिटरवर भागतं.

हॅचबॅक काही सर्वगुणसंपन्न नाही. खडीच्या रस्त्यावर तिचं पोट लागतं, ट्रेलर ओढायची परवानगी बऱ्याच मॉडेलना अगदी कमी किंवा मुळीच नसते. वर्षातून चार-पाच वेळा कपाट किंवा माती आणायची असेल तर त्या दिवसापुरती युट भाड्याने घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. आठवड्यात दोनदा तरी हौदा भरणार असेल, कॅरॅव्हॅन किंवा होडी ओढायची असेल, किंवा रोज फ्रीवेवर ४० किमी जाणं होत असेल, तर युट आपली किंमत वसूल करून देते.

घेतलीच तर भरताना पंपाकडे बघा. पेट्रोलची नळी डिझेलच्या तोंडात सहज शिरते. चुकून पेट्रोल पडलं तर चावी फिरवूही नका. उच्च दाबाच्या पंपाला वंगण डिझेलचंच असतं, पेट्रोल त्याला कोरडा पाडतं आणि धातूचा चुरा थेट इंजेक्टरपर्यंत जातो. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करून घ्या.

जुनी युट बघायला गेलात तर इंजिन सुरू करण्याआधी डिपस्टिक काढा. ऑइल वरच्या खुणेच्या वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर ती गाडी बहुधा आयुष्यभर शाळा-स्टेशनच करत आली आहे. मग स्कॅनर लावून शेवटचं रीजनरेशन किती किलोमीटरपूर्वी झालं ते वाचा. ते जर दर शंभरेक किलोमीटरला होत असेल तर फिल्टरची किंमत सौद्यातून वजा करा. शेवटी खाली वाकून केबिन आणि हौदा यांच्यामधली फट वर-खाली सारखी आहे का ते बघा. वर रुंद होत गेली असेल, तर हुकवरच्या जास्तीच्या वजनाने चासी वाकली आहे.