चेक-इन बॅगेचा टॅग: मॉन्क्टनच्या रेल्वेपासून मोपापर्यंत

जानेवारी २०२३मध्ये मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली आणि गोव्याला निघालेल्या बॅगेचे दोन पत्ते झाले. दाभोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. कागदावर फरक एकाच अक्षराचा, पण एक विमानतळ मुरगाव तालुक्यात तर दुसरा पार पेडण्यात. डिसेंबर २०२५मध्ये नवी मुंबईहून विमानं उडू लागल्यापासून मुंबईकरांचीही तीच गत आहे: जुना बीओएम, नवा एनएमआय. प्रवासी ‘गोव्याला चाललो’ म्हणू शकतो, बॅगेला ती सोय नाही. काउंटरवर तिच्या मुठीला गुंडाळलेली पट्टी सांगेल तिथेच ती जाते. ती पट्टी नीट आहे का, हे पाहायला जेमतेम दहा सेकंद लागतात आणि बहुतेक जण तेवढेही देत नाहीत. पट्टीवर नेमकं काय लिहिलंय आणि ते तसंच का, हे समजायला तिचा इतिहास उपयोगी पडतो.

सुरुवात विमानाची नव्हे, रेल्वेची. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सामानाला पितळी बिल्ले लावत. एक सामानावर, त्याच नंबरचा दुसरा प्रवाशाच्या खिशात. १८८२च्या जूनमध्ये कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या मॉन्क्टन गावच्या जॉन मायकेल लायन्स यांनी दोन तुकडे होणाऱ्या तिकिटाचं पेटंट घेतलं. त्यावर निघण्याचं स्थानक, उतरण्याचं स्थानक आणि अनुक्रमांक. खालचा अर्धा भाग प्रवाशाला द्यायचा, वरचा पट्ट्याने सामानाला अडकवायचा. आज बोर्डिंग पासच्या मागे चिकटवून मिळणारी चिठ्ठी म्हणजे तोच खालचा अर्धा भाग. जवळपास दीडशे वर्षांत त्या कल्पनेत कोणाला फारशी सुधारणा करता आलेली नाही.

विमान कंपन्यांनी ही पद्धत उचलली आणि कायद्याने तिला वजन दिलं. १२ ऑक्टोबर १९२९ रोजी वॉर्सा इथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने सामानाची पावती दोन प्रतींत करायला लावली, एक प्रवाशाची, एक कंपनीची. सामान हरवलं तर कंपनीची जबाबदारी किलोमागे २५० फ्रँकपुरती मर्यादित ठेवली, पण त्याला एक अट जोडली. पावती न देता सामान घेतलं, किंवा तीवर नगांची संख्या आणि वजन यांसारख्या ठरावीक नोंदी नसल्या, तर कंपनीला ती मर्यादा सांगता येणार नाही. म्हणजे पट्टी नीट लावणं ही प्रवाशासाठी केलेली मेहेरबानी नव्हती, कंपनीचं स्वतःचं चिलखत होतं. भारतात हा करार १९३४च्या आणि पुढे १९७२च्या हवाई वाहतूक कायद्याने लागू झाला. १९९९च्या माँट्रियल कराराने ही अट सोडून दिली. प्रत्येक नगामागे ओळखपट्टी द्यायचं बंधन राहिलं, पण ती न दिल्याने कंपनीची मर्यादा आता जात नाही. प्रवाशाचं त्यात नुकसानच झालं, असं माझं मत.

मधल्या काळातले टॅग म्हणजे भोक पाडून दोरी ओवलेले पुठ्ठ्याचे तुकडे: कंपनीचं नाव, फ्लाइट नंबर, उतरायचा विमानतळ आणि एक आकडा. त्यावरून बॅग कुठे जाणार ते कळे. ती कोणाची, आणि तो माणूस विमानात बसलाय का, हे विचारायची गरज कोणाला भासली नव्हती.

ती भासली १९८५मध्ये. २२ जूनला कॅनडात व्हँकुव्हरच्या काउंटरवर एम. सिंग या नावाने तिकीट काढलेला एक प्रवासी आला. टोरांटोपर्यंतचं त्याचं तिकीट पक्कं होतं, पुढच्या एअर इंडियाच्या प्रवासाचं वेटिंगवर. अशा वेळी बॅगेला टोरांटोपर्यंतचाच टॅग लागायला हवा. त्याने तो थेट दिल्लीपर्यंतचा लावण्याचा हट्ट धरला. काउंटरवरच्या कर्मचारी बाईंनी आधी नकार दिला. रांग वाढत चालली, तो हटेना, शेवटी त्यांनी टॅग लावून दिला. बॅग विमानात चढली, तो चढलाच नाही. टोरांटोला ती टॅगच्या सांगण्याप्रमाणे एअर इंडियाच्या जंबोत गेली. दुसऱ्या दिवशी ‘सम्राट कनिष्क’ नावाचं ते विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ हवेतच फुटलं आणि ३२९ जण मृत्युमुखी पडले. टोरांटोहून माँट्रियल, लंडन, दिल्लीमार्गे ते मुंबईला पोचणार होतं. त्याआधी सुमारे तासभर जपानच्या नारिता विमानतळावर, एअर इंडियाच्याच बँकॉकच्या विमानात चढवायच्या एका बॅगेत स्फोट होऊन सामान हाताळणारे दोन कामगार ठार झाले होते. ती बॅगही व्हँकुव्हरहूनच निघालेली, तिचाही मालक विमानात नव्हता.

नीट पाहिलं तर व्यवस्थेने टॅगवरची आज्ञा दोन्हीकडे अगदी बिनचूक पाळली होती. चूक होती ती टॅग लावण्यात, आणि बॅगेमागे माणूस आहे का हे कोणी न तपासण्यात. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने सुरक्षेचे नियम बदलले. प्रवासी विमानात नसेल तर, वेगळी सुरक्षा तपासणी झाल्याशिवाय, त्याची बॅग न्यायची नाही. नियम कागदावर आला म्हणून लगेच सगळीकडे पाळला गेला असं नाही. डिसेंबर १९८८मध्ये स्कॉटलंडमधल्या लॉकर्बी गावावर पॅन अ‍ॅमचं विमान फुटून २७० जणांचा बळी गेला. ती स्फोटकांची सुटकेसही माल्टाहून फ्रँकफर्टमार्गे एकटीच आली होती, असा निष्कर्ष पुढे न्यायालयाने काढला. त्यातला एक मोठा पुरावा म्हणजे फ्रँकफर्टच्या सामान यंत्रणेचं त्या दिवसाचं छापील पान, जे तिथल्या एका कर्मचारी महिलेने सहज स्वतःजवळ ठेवलं होतं.

भारतात या नियमाचं रूप अगदी डोळ्यांसमोर होतं. त्या काळात देशांतर्गत प्रवास केलेल्यांना आठवत असेल: विमानाजवळ बॅगा ओळीने मांडलेल्या, प्रत्येकाने आपली दाखवायची, मग लोडर ती पोटात चढवणार. जिला कोणी वाली नाही ती खालीच राहायची. उन्हात उभं राहून वैताग यायचा खरा, पण बॅग आपल्याच विमानात चाललीय याची एवढी पक्की खात्री त्यानंतर कधी मिळालेली नाही.

मग आला बारकोड आणि त्याच्यासोबत दहा आकडी क्रमांक. पहिला आकडा टॅगचा प्रकार सांगतो, पुढचे तीन विमान कंपनी (एअर इंडियाचे ०९८, इंडिगोचे ३१२), उरलेले सहा बॅगेचा अनुक्रमांक. या क्रमांकात ना गावाचं नाव, ना तुमचं. ते सगळं संगणकाकडे वेगळ्या संदेशाने जातं आणि बेल्टवरचा स्कॅनर क्रमांकावरून बॅग कुठे वळवायची ते ठरवतो. मोठ्या अक्षरातला तीन अक्षरी कोड असतो तो माणसांसाठी. म्हणून काउंटरवर दोन प्रवाशांचे टॅग एकमेकांच्या बॅगांना लागले तर यंत्राला काहीच कळत नाही, त्याच्या लेखी सगळं बरोबर असतं. तिथे फक्त डोळे उपयोगी: टॅगवरचं आडनाव आपलं आहे का, बोर्डिंग पासवरच्या चिठ्ठीतला क्रमांक तोच आहे का, आणि गेल्या प्रवासाचे स्टिकर काढले आहेत का. हे शेवटचं लोक फारच हलक्यात घेतात. बॅगेच्या बुडाला चिकटलेला जुना बारकोड स्कॅनरला दिसला की यंत्र गोंधळतं आणि बॅग हाताने तपासायच्या रांगेत जाते.

यंत्रावर अति विसंबल्याचा किस्सा अमेरिकेतल्या डेन्व्हरचा. तिथल्या नव्या विमानतळाची स्वयंचलित सामान यंत्रणा पत्रकारांसमोर चालवून दाखवली तेव्हा बॅगा उडून पडल्या, कपडे विखुरले. विमानतळ सोळा महिने उशिरा, फेब्रुवारी १९९५मध्ये उघडला आणि दहा वर्षांनी ती यंत्रणा मोडीत काढली गेली.

तरीही आकडे सुधारलेत. सीता या विमानतळ-तंत्रज्ञान संस्थेच्या हिशेबाने २००७मध्ये दर हजार प्रवाशांमागे सुमारे १९ बॅगांचा घोळ होई, २०२४मध्ये तो ६.३वर आला. विमान कंपन्यांची जागतिक संघटना आयाटा हिने जून २०१८पासून बॅगेची नोंद चार ठिकाणी सक्तीची केली: प्रवाशाकडून घेताना, विमानात चढवताना, दुसऱ्या विमानाकडे सोपवताना आणि प्रवाशाला परत देताना. यातलं तिसरं ठिकाण सर्वांत नाजूक. २०२३मध्ये उशिरा पोचलेल्या बॅगांपैकी ४६ टक्के विमान बदलतानाच मागे राहिल्या होत्या.

परदेशातून येणाऱ्या मराठी माणसाची पंचाईत नेमकी इथेच होते. सॅन फ्रान्सिस्कोहून मुंबईमार्गे नागपूरला येणाऱ्याच्या टॅगवर एनएजी छापलेलं असतं, म्हणून तो मुंबईत निवांत पुढच्या विमानाकडे निघतो. पण सर्वसाधारणपणे भारतातल्या पहिल्या विमानतळावर बॅग स्वतः उचलून कस्टम्समधून न्यावी लागते आणि मग पुन्हा सोपवावी लागते. नेमकं काय करायचं ते निघतानाच काउंटरवर विचारून घेतलेलं बरं.

टॅग माणसाशी जोडला गेला, त्याची दुसरी बाजूही आहे. २०२३मध्ये ब्राझीलच्या ग्वारुल्होस विमानतळावर दोन प्रवासी महिलांच्या बॅगांवरचे टॅग काढून अमली पदार्थ भरलेल्या बॅगांना लावले गेले. फ्रँकफर्टला त्यांना अटक झाली आणि कॅमेऱ्यातलं चित्रण पुढे येईपर्यंत महिन्याहून जास्त काळ त्या तुरुंगात होत्या. बॅग सोपवताना तिचा आणि टॅगचा एकत्र फोटो काढून ठेवायला काही खर्च येत नाही.

बॅग आलीच नाही तर माँट्रियल कराराप्रमाणे आंतरराष्ट्रीय प्रवासात भरपाईची कमाल मर्यादा डिसेंबर २०२४पासून १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. बॅग मोडली असेल तर मिळाल्यापासून ७ दिवसांत, उशिरा मिळाली असेल तर २१ दिवसांत लेखी तक्रार करायची. २१ दिवस उलटूनही आली नाही तर ती हरवली असं धरून दावा करता येतो. देशांतर्गत प्रवासाचे नियम वेगळे आहेत. दोन्हीकडे कंपनीच्या खिडकीवर पहिल्यांदा मागतात ती टॅगची चिठ्ठी. तिच्यावरून तक्रार नोंदवून क्रमांक मिळतो, तो सामानाच्या हॉलमधून बाहेर पडण्याआधीच घ्यावा.