सिम रेसिंग : गाडीचा सेटअप आणि चालवण्याची शैली

खऱ्या मोटारीचे वजन, टायरची पकड आणि धावताना हवेचा गाडीवर पडणारा दाब यांचे गणित संगणकात बसवून स्टीअरिंग व पेडलवर खेळायची शर्यत म्हणजे सिम रेसिंग. ‘आयरेसिंग’ (२००८), ‘असेटो कोर्सा’ (२०१४) आणि ‘असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने’ (२०१९) ही त्यातली ठळक नावे. गोव्यात कायमस्वरूपी रेस ट्रॅक नाही. २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वन जिथे झाली ते बुद्ध सर्किट पार ग्रेटर नोएडात. त्यामुळे फोंडा-म्हापशाकडच्या हौशी माणसाला इटलीतला मोंझा काय नि बेल्जियममधला स्पा काय, हे नामी ट्रॅक घरच्या खोलीतच गाठावे लागते.

नवा खेळाडू हमखास सेटअपच्या, म्हणजे गाडीचे टायर, ब्रेक, विंग वगैरे जुळवायच्या पानापासून सुरुवात करतो, आणि तिथेच फसतो. मोंझाची पहिली शिकेन, म्हणजे वेग तोडायला लावणारी लागोपाठची उलटसुलट वळणे, घ्या. सरळ रस्त्यावरून भरधाव येऊन ब्रेक दाबला, वळायच्या आधीच पाय झटकन काढला, तर पुढच्या चाकांवर आलेले वजन मागे जाते आणि गाडी वळायला तयार होत नाही. हाच अंडरस्टीअर. दोष पायाचा, पण खेळाडू पुढचा अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारी दांडी) मऊ करून मोकळा होतो. मग त्याच ट्रॅकवरच्या अस्कारी या वेगवान वळणात मागची बाजू सुटते. ब्रेक हळूहळू सोडत वळणात शिरणे, म्हणजेच ट्रेल ब्रेकिंग, जमले असते तर बारला हात लावावाच लागला नसता.

म्हणून आधी तयार सेटअपवर लॅपच्या (ट्रॅकच्या एका फेरीच्या) वेळा सारख्या येऊ द्याव्यात, मग एका वेळी एकच गोष्ट बदलावी. सुरुवात टायरच्या हवेपासून. कॉम्पेटिझिओनेच्या अलीकडच्या आवृत्त्यांत कोरड्या ट्रॅकवर जीटी३ वर्गातल्या (रस्त्यावरच्या स्पोर्ट्‌स कारवरून बनवलेल्या शर्यतीच्या) गाडीच्या तापलेल्या टायरमध्ये साधारण २६ ते २७ पीएसआय दाब धरतात. घसरत चालवणाऱ्याचे टायर जास्त तापतात, दाबही चढतो. एकाचे आकडे दुसऱ्याला लागू पडत नाहीत ते यामुळेच. ब्रेक बायस, म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकमधली जोराची वाटणी, पुढे सरकवला की गाडी स्थिर राहते, पण पुढची चाके लॉक होऊ शकतात, म्हणजे फिरायची थांबून घसरू शकतात. मागे नेला की नाक चटकन वळते, पण गिरकीचा धोका वाढतो. विंग, म्हणजे हवेच्या जोराने गाडी रस्त्यावर दाबणारा पंख, ट्रॅक पाहून ठरते : लांब सरळ रस्त्यांच्या मोंझाला कमी, वळणावळणाच्या हंगेरोरिंगला भरपूर. अतिवेगवान खेळाडूंचे उतरवून घेतलेले सेटअप बहुधा मागून सैल, म्हणजे मागची चाके सहज घसरू देणारे असतात. नवशिक्याच्या हाती ते गेले की दोन लॅपमध्ये गाडी वाळूत.

किनारपट्टीवर आणखी एक भानगड संभवते. स्वस्त पेडलमधला पोटेन्शिओमीटर (पेडल किती दाबले ते मोजणारा भाग) दमट, खाऱ्या हवेने नि धुळीने खराब झाला की पाय न लावताही ब्रेक किंचित दाबलेला दिसतो. गाडी सरळ रस्त्यावर मंद, टायर गरम, आणि बिचारा खेळाडू विंग कमी करत बसतो. अशा वेळी पडद्यावरची ब्रेकची पट्टी पाहावी. पाय उचलल्यावरही ती शून्यावर येत नसेल तर आधी पेडल उघडून साफ करावे आणि कॅलिब्रेशन, म्हणजे पेडलचे शून्य आणि पूर्ण दाब संगणकाला ओळखवणे, नव्याने करावे.