आधी वीज आली, मग चालक गेला

१५ जुलै २०२५ला वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्ला या विजेच्या गाड्यांच्या अमेरिकी कंपनीचं भारतातलं पहिलं दालन उघडलं. ‘मॉडेल वाय’ ही गाडी तेव्हा साठ लाखांच्या घरात, आणि ‘फुल सेल्फ-ड्रायव्हिंग’ नावाची सोय हवी असेल तर वर ६ लाख. नाव मोठं असलं तरी ती सोय लावल्यावर चालकाने रस्त्यावर नजर ठेवायचीच असते. त्याच्या तीन आठवडे आधी, २२ जूनला, याच कंपनीने अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात मोजक्या लोकांसाठी टॅक्सी सुरू केली होती. चालकाची सीट रिकामी, शेजारच्या सीटवर कंपनीचा माणूस. या दोन बातम्या मुंबईत एकत्रच वाचल्या गेल्या आणि टॅक्सी स्टँडवर प्रश्न सुरू झाला: आता आमचं काय?

प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्यात दोन गोष्टींची सरमिसळ होते. गाडी विजेवर चालणं ही एक गोष्ट आणि गाडीतून चालक जाणं ही दुसरी. दोन्हींचा जन्म वेगळा, वाढ वेगळी. त्या एकत्र आल्याला जेमतेम दहा वर्षं झाली आहेत.

विजेची टॅक्सी पेट्रोलच्या टॅक्सीइतकीच जुनी आहे. ऑगस्ट १८९७मध्ये लंडनच्या रस्त्यांवर वॉल्टर बर्सी यांच्या विजेच्या गाड्या भाड्याने धावू लागल्या. रंग काळा आणि पिवळा! चालताना येणाऱ्या गुणगुण आवाजामुळे आणि या रंगामुळे लोक त्यांना ‘हमिंगबर्ड’ म्हणत. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्येही विजेच्या टॅक्सी आल्या. पण शिशाची बॅटरी अतोनात जड, टायर लवकर झिजायचे, खड्ड्यांतल्या हादऱ्यांनी बॅटरीच्या पट्ट्या खिळखिळ्या व्हायच्या. दोन वर्षांत लंडनची ती सेवा बंद पडली.

मुंबईत वीज रस्त्यावर आली ती रुळांवरून. घोड्यांची ट्राम १८७४ची, आणि ७ मे १९०७ला तिच्या जागी विजेची ट्राम धावली. मोटार टॅक्सी आली १९११मध्ये. म्हणजे या शहराने आधी विजेचं वाहन पाहिलं, पेट्रोलची टॅक्सी नंतर. ३ फेब्रुवारी १९२५ला बोरीबंदर ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची लोकल निघाली. ३१ मार्च १९६४ला शेवटची ट्राम गेली. साठच्या दशकात ‘बेस्ट’ने ट्रॉलीबसही चालवून पाहिली. वरच्या तारेतून वीज घेणारी ही बस १९७१मध्ये थांबली. त्यानंतर अर्धं शतक मुंबईच्या रस्त्यावर डिझेल, पेट्रोल आणि गॅस यांचंच राज्य होतं.

टॅक्सीपुरतं बोलायचं तर राज्य पद्मिनीचं होतं. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात १९६४पासून फियाट ११०० बनू लागली, पुढे तिचं नाव पद्मिनी झालं. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, त्यामुळे पुढच्या सलग सीटवर चालकाशेजारी माणूस ऐसपैस बसायचा. काच-धातूचा मीटर डाव्या बाजूला बाहेर, बॉनेटजवळ. चालक खिडकीतून वाकून त्याची पट्टी फिरवायचा, ‘टण’ आवाज व्हायचा आणि भाडं सुरू. उतरताना मीटरवरचा आकडा टॅरिफ कार्डात शोधून खरे पैसे ठरायचे. कारखान्यातलं उत्पादन दोन हजार सालाच्या सुमारास संपलं. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेव आरटीओत झाली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३अखेर पद्मिनी टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. निरोपाला माणसं जमली, फोटो निघाले. मलाही वाईट वाटलं, ते लपवायचं कारण नाही.

या सगळ्यात आजच्या चर्चेला सर्वांत उपयोगी पडेल असा काळ मला वाटतो तो सीएनजीचा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस धुराविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका आली आणि जुन्या टॅक्सी गॅसवर न्या, असे आदेश निघाले. तेव्हा अडचण तंत्रज्ञानाची नव्हती. किट तयार होतं, मेकॅनिक शिकले. अडचण होती पंपांची आणि पैशांची. पंप मोजके, रांगा तासन् तास, आणि रांगेत गेलेला वेळ म्हणजे बुडालेलं भाडं. किटसाठी कर्ज काढावं लागलं. डिकीत सिलिंडर बसला आणि प्रवाशांच्या बॅगा टपावरच्या कॅरिअरवर गेल्या. दादर स्टेशनबाहेर दोरीने बॅगा बांधणारा चालक हे चित्र तेव्हापासूनचं. तरीही काही वर्षांत शहरातल्या जवळजवळ सगळ्या काळ्या-पिवळ्या गॅसवर आल्या. इंधन बदललं, चालक तोच राहिला.

आता दुसरी कहाणी. ही चालू झाली प्रयोगशाळांत, टॅक्सीचा विचारही नसताना. ऐंशीच्या दशकात जर्मनीत अर्न्स्ट डिकमान्स यांनी मर्सिडीजच्या व्हॅनवर कॅमेरे आणि संगणक चढवले, आणि ती रिकाम्या महामार्गावर ताशी ९६ किलोमीटरने आपणहून धावली. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ या संस्थेने १३ मार्च २००४ला मोहावी वाळवंटात स्पर्धा ठेवली. अंतर सुमारे २३० किलोमीटर, बक्षीस १० लाख डॉलर. एकही गाडी पोहोचली नाही. सर्वांत पुढे गेलेली कार्नेगी मेलन विद्यापीठाची गाडी १२ किलोमीटरच्या आतच अडकली. पुढच्याच वर्षी पाच गाड्यांनी २१२ किलोमीटर पार केले, आणि सेबास्टियन थ्रुन यांच्या नेतृत्वाखालची स्टॅनफर्डची ‘स्टॅन्ली’ जिंकली. २००७मध्ये स्पर्धा रस्ते, चौक आणि इतर गाड्या असलेल्या जागी झाली. जागा होती एक बंद पडलेला हवाई तळ. या स्पर्धांतल्या लोकांना घेऊन २००९मध्ये गूगलने आपला प्रकल्प सुरू केला. त्याचीच २०१६मध्ये ‘वेमो’ कंपनी झाली.

दोन्ही कहाण्या एकत्र आल्या त्या याच काळात. ऑगस्ट २०१६मध्ये सिंगापूरला ‘नूटोनॉमी’ कंपनीने प्रवाशांसाठी जी चाचणी-टॅक्सी सुरू केली, तिच्या गाड्या विजेच्या होत्या. आजही वेमोच्या रस्त्यावरच्या गाड्यांत विजेवरची जॅग्वार दिसते. कारण सरळ आहे. स्टिअरिंग, ब्रेक, वेग हे सगळं संगणकाच्या आज्ञेवर हलवायचं तर विजेची गाडी सोपी पडते, आणि कॅमेरे, रडार, लेसर किरणांनी अंतर मोजणारं लायडार, संगणक यांना सतत वीज लागते. शिवाय टॅक्सी रात्री एका ठरलेल्या डेपोत येते, तिथे ती धुता येते, चार्ज करता येते. हा डेपोचा मुद्दा लक्षात ठेवा, मुंबईत तोच आडवा येतो.

वेमोने २०१८अखेर फिनिक्समध्ये पैसे घेऊन सेवा सुरू केली आणि ऑक्टोबर २०२०पासून तिथे सर्वसामान्यांना चालकाविना गाडी मिळू लागली. फिनिक्सच का? रुंद सरळ रस्ते, आखीव लेन, पाऊस नावाला. एप्रिल २०२५पर्यंत कंपनी भाडं घेऊन आठवड्याला अडीच लाख फेऱ्या करत होती. चीनमध्ये वुहानला बायडू कंपनीच्या चालकविरहित ‘अपोलो गो’ टॅक्सी फिरू लागल्या, आणि २०२४मध्ये तिथल्या टॅक्सीचालकांनी पोटावर पाय येतोय म्हणून तक्रार केली.

दोन अपघातांनी या क्षेत्राची दिशा बदलली. १८ मार्च २०१८च्या रात्री ॲरिझोनातल्या टेम्पी इथे उबरच्या चाचणी-गाडीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला उडवलं. त्यात तिचा जीव गेला. गाडीत देखरेखीला बसलेल्या चालकाचं लक्ष मोबाइलकडे होतं. चौकशीत निघालेली गोष्ट वाचून मी थांबलो. धडकेच्या पाच सेकंदांहून आधी यंत्रणेला तिथे काहीतरी आहे हे कळलं होतं. पण ती कधी त्याला गाडी समजत होती, कधी सायकल, कधी ‘इतर’. झेब्रा क्रॉसिंग नसलेल्या जागी माणूस रस्ता ओलांडू शकतो, हा विचारच तिच्या रचनेत नव्हता. ऑक्टोबर २०२३मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्या गाडीने उडवलेली एक महिला जनरल मोटर्सच्या ‘क्रूझ’ कंपनीच्या चालकविरहित टॅक्सीखाली आली. गाडी थांबली, मग कडेला घेण्यासाठी पुन्हा हलली आणि तिला सहा मीटर फरफटत नेलं. कॅलिफोर्नियाने परवाना रोखला आणि डिसेंबर २०२४मध्ये जनरल मोटर्सने क्रूझचा टॅक्सीचा उद्योगच गुंडाळला.

झेब्रा क्रॉसिंग नसलेल्या जागी माणूस. मुंबईत हा अपवाद नाही, हीच रीत आहे. लालबागला, भायखळ्याला माणूस तळहात पुढे करतो, चालकाच्या डोळ्यांत बघतो, चालक किंचित वेग कमी करतो आणि दोघं आपापल्या वाटेने जातात. त्यात शब्द नाही, हॉर्नही नाही. गेल्या पावसाळ्यात परळहून दादरला येताना हिंदमाताजवळ पाणी भरायला लागलं होतं. आमच्या चालककाकांनी गाडी कडेला घेतली आणि पुढच्या बेस्टच्या चाकाकडे बघत राहिले. “टायर अर्ध्याच्या वर बुडला तर जायचं नाही,” एवढंच म्हणाले. दुसरी बस गेली, तिसरी गेली, मग त्यांनी दुभाजकाच्या बाजूने, पहिल्या गिअरमध्ये, न थांबता गाडी काढली. रस्त्याचा मधला भाग उंच असतो आणि कडेला उघडं गटार असू शकतं, हे त्यांना कुठल्या नकाशाने सांगितलं नव्हतं. मुसळधार पावसात लायडारचे किरण थेंबांवर विखुरतात, कॅमेऱ्याची काच भरते. वरून लेनचे पट्टे पाण्याखाली.

हे अशक्य आहे असं मी म्हणत नाही. हैदराबादच्या आयआयआयटी या माहिती-तंत्रज्ञान संस्थेने २०१८मध्ये हैदराबाद आणि बेंगळुरूच्या रस्त्यांची दहा हजार चित्रं एकेक वस्तूवर खूण करून सर्वांसाठी खुली केली, ती याचसाठी. त्यात ऑटोरिक्षाला वेगळा वर्ग आहे, जनावरांना वेगळा आणि डांबराबाहेरची पण गाडी घालता येईल अशी माती, तिलाही वेगळा. परदेशी संग्रहांत अशा गोष्टींना नीट जागाच नव्हती. भोपाळ आणि बेंगळुरूच्या तरुण कंपन्याही यावर काम करताहेत.

कायद्याचं काय? १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ३ सांगतं की परवाना असलेल्या व्यक्तीनेच सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवावी. व्यक्तीच नसेल तर परवाना कोणाचा आणि अपघातात जबाबदार कोण, याचं उत्तर त्यात नाही. २०१९च्या दुरुस्तीत कलम २ब आलं. संशोधनासाठी काही वाहनांना सूट देण्याचा अधिकार त्यामुळे केंद्राला मिळाला. म्हणजे चाचणीला दार किलकिलं आहे, टॅक्सीला नाही. नितीन गडकरींनी २०१७मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३मध्ये जाहीर सांगितलं की लाखो चालकांचा रोजगार जाईल म्हणून चालकविरहित गाड्या येऊ देणार नाही. रुळांवर मात्र हे घडलं आहे. दिल्ली मेट्रोची मॅजेंटा मार्गिका २८ डिसेंबर २०२०पासून चालकाविना धावते. तिथे आडवं येणारं कोणी नसतं.

म्हणून मुंबईत आज खरा प्रश्न पहिल्या कहाणीचा आहे, विजेचा. राज्याच्या २०२५च्या विद्युत वाहन धोरणाने अटल सेतूवर विजेच्या गाड्यांना टोल माफ केला. दिल्ली आणि बेंगळुरूत ‘ब्लूस्मार्ट’ कंपनीने आपल्या ताब्यातल्या गाड्या, आपले चार्जिंग डेपो आणि पगारी धाटणीचे चालक घेऊन विजेची टॅक्सी चालवून दाखवली. एप्रिल २०२५मध्ये ती बंद पडली, पण प्रवर्तकांच्या पैशांच्या प्रकरणामुळे. गाड्या चालत होत्या.

काळ्या-पिवळीला मात्र डेपो नाही. परमिट एकाचं, दिवसपाळी त्याची, रात्रपाळी दुसऱ्याची. गाडी क्वचितच तासभर उभी राहते आणि राहते तेव्हा रस्त्याच्या कडेला. चालक चार-सहा जणांच्या खोलीत राहतो किंवा उन्हाळ्यात गाडीतच पाय बाहेर काढून झोपतो. त्याच्याकडे स्वतःचं पार्किंग नाही, तर भिंतीवरचा चार्जर कुठे लावणार? गॅस भरायला पंपावर पोहोचल्यावर काही मिनिटं लागतात, बॅटरीला जलद चार्जरवरही त्याच्या कित्येक पट. दोन पाळ्यांच्या हिशेबात हा वेळ कुठून काढायचा, हे स्टँडवर बसून विचारलं तर प्रत्येक चालक बोटांवर मोजून सांगतो. चार्जर लागायला हवेत ते या स्टँडवरच, स्टेशनांबाहेर, जिथे गाड्या रांगेत आपल्या नंबरची वाट बघत तशाही उभ्या असतात.