रेझिस्टंट आणि पर्सिस्टर: औषधातून वाचण्याच्या दोन तऱ्हा

अँटिबायोटिकचा कोर्स झाला, ताप उतरला आणि काही आठवड्यांनी तोच संसर्ग पुन्हा उपटला, की पहिला संशय रेझिस्टन्सवर, म्हणजे जिवाणू औषधाला दाद देईनासा होण्यावर, जातो. बऱ्याचदा तो खराही ठरतो. पण कधी कधी रिपोर्ट सांगतो की जिवाणूला ते औषध आजही पूर्वीसारखंच लागू पडतं. मग तो वाचला कसा? इथे पर्सिस्टर नावाची मंडळी येतात. बातम्यांमध्ये या दोघांची सर्रास गल्लत होते.

रेझिस्टंट जिवाणू औषध समोर असतानाही वाढत राहतो. कारण त्याच्या जनुकांत असतं: एखादं एन्झाइम पेनिसिलिनचा रेणूच तोडतं, पेशीतले पंप औषध बाहेर फेकतात किंवा औषध ज्या प्रथिनाला चिकटतं तेच बदलतं. हा गुण पुढच्या पिढीत उतरतो, प्लाझमिड नावाच्या डीएनएच्या सुट्या छोट्या कड्यावर बसून शेजारच्या जिवाणूकडेही जातो. मोजायचं माप म्हणजे एमआयसी, वाढ रोखायला लागणारी औषधाची किमान मात्रा. रेझिस्टन्स आला की एमआयसी चढते.

पर्सिस्टर औषधात वाढत नाही. तो फक्त मरत नाही. डब्लिनचे जिवाणुशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांनी 1944 मध्ये पाहिलं की पेनिसिलिनने स्टॅफिलोकॉकस या जिवाणूची जवळजवळ सगळी वसाहत मरते, पण साधारण दहा लाखांत एखादी पेशी उरते. त्यांनी उरलेल्यांना वाढवून पुन्हा पेनिसिलिन दिलं. त्यांची संतती मूळ जिवाणूंइतकीच सहज मेली, आणि पुन्हा थोडे उरलेच. म्हणजे वाचण्याचा गुण वारशाने आलेला नव्हता. पेनिसिलिन भिंत बांधणाऱ्या पेशीला मारतं. जी झोपल्यासारखी बांधकामच थांबवून बसलीय तिला त्याची झळ लागत नाही. बिगर यांनी तेव्हाच सुचवलं होतं की औषध थांबून थांबून द्यावं, म्हणजे मधल्या काळात हे जिवाणू वाढीला लागतील आणि पुढच्या डोसात सापडतील. कल्पना झकास, पण झोपलेले नेमके कधी उठतील हे ठाऊक नसताना वेळापत्रक कसं आखणार?

औषधामुळे ते झोपतात की आधीच झोपलेले असतात, हा प्रश्न बरीच वर्षं लोंबकळत होता. 2004 मध्ये संशोधक नताली बालबान आणि सहकाऱ्यांनी ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूच्या, पर्सिस्टर जास्त देणाऱ्या म्युटंट (जनुकात बदल झालेल्या) जाती सूक्ष्म खाचांत ओळीने वाढवून एकेका पेशीवर सूक्ष्मदर्शकातून नजर ठेवली. अँपिसिलिन हे पेनिसिलिनच्या कुळातलं औषध दिल्यावर वाचलेल्या पेशींची आधीची नोंद मागे जाऊन तपासली, तर त्या औषध येण्याआधीच वाढ थांबवून किंवा अगदी मंद करून बसल्या होत्या. अर्थात सगळेच पर्सिस्टर असे आधीपासून तयार नसतात. उपासमार किंवा इतर ताणामुळेही त्यांची संख्या वाढते.

नेहमीच्या चाचणीत हे दिसत का नाही, ते प्लेटवर पाहा. जिवाणू पसरलेल्या अगारवर (जिवाणू वाढवायच्या जेलीवर) औषधाची चकती ठेवतात. भोवती वाढ नसलेलं स्वच्छ वर्तुळ उमटतं आणि निकाल लागतो, ‘औषध चालतं’. पण त्या वर्तुळात वाढ नाही एवढंच आपण पाहिलेलं असतं, तिथलं सगळं मेलंय असं नाही. बालबान यांच्याच गटाने नंतर साधी युक्ती काढली: औषधाची चकती उचलून तिथे ग्लुकोजची ठेवायची. जिवाणू चिवट असले तर त्याच स्वच्छ वर्तुळात छोट्या वसाहती डोकं वर काढतात. वर्तुळाचा आकार तोच राहतो, म्हणून रेझिस्टन्स नाही.

यावरून एक व्यवहारी फरक निघतो. रेझिस्टन्समध्ये प्रश्न मात्रेचा असतो, झोपून वाचणाऱ्यांत मुख्यतः वेळेचा. 2014 मध्ये याच गटाने ई. कोलायला रोज ठरावीक तास अँपिसिलिन दिलं. काही गटांना तीन, काहींना पाच, काहींना आठ तास. काही फेऱ्यांतच असे म्युटंट निवडले गेले की त्यांची जागं होण्याआधीची सुस्ती जवळपास तेवढ्याच तासांची झाली. एमआयसी मात्र जागच्या जागी. इथे अख्खी वसाहतच उशिरा उठत होती आणि तो गुण पुढच्या पिढीत उतरत होता. अभ्यासक याला टॉलरन्स म्हणतात. पर्सिस्टर म्हणजे त्याच वसाहतीतले मूठभर.

तरीही दोन वाटा कायम वेगळ्या राहत नाहीत. 2017 च्या प्रयोगात ई. कोलायला अँपिसिलिन अधूनमधून देत राहिल्यावर आधी टॉलरन्सची म्युटेशन्स आली आणि खरा रेझिस्टन्स त्यांच्यावर चढून आला. कारण सरळ आहे: जितक्या जास्त पेशी औषधातून तगतात, तितकी एखादीत रेझिस्टन्सचं म्युटेशन होऊन ते टिकण्याची शक्यता वाढते.