देवावर भार घालण्याची गोमंतकीय रीत

‘देवावर भार घाल आणि गप्प रहा’ असे गोव्यात म्हातारी माणसे अजून म्हणतात. परीक्षा असो, कोर्टातला तारखांचा घोळ असो की आखातात गेलेल्या मुलाची नोकरी असो, उत्तर हेच. परक्याला यात हातपाय गाळल्याचा भास होतो. पण इथल्या देवळांचा इतिहास पाहिला तर भार घालणे ही बरीच शिस्तीची गोष्ट दिसते. तिला पायऱ्या आहेत, साक्षीदार आहेत, आणि शेवटी देणेही चुकते करावे लागते.

पहिली पायरी गाऱ्हाणे. पेडणे, सत्तरी, डिचोली या भागांत आणि सीमेपलीकडच्या सिंधुदुर्गात ते अजून ठसक्यात घातले जाते. घालणारा एकटा बोलतो. अमक्या लेकराचे दुखणे आहे, अमक्याच्या घरात तंटा आहे, ते दूर कर, चुकलेमाकले पोटात घाल. प्रत्येक मागण्यावर जमलेली माणसे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. घरात कुजबुजत बोलायची गोष्ट इथे चारचौघांत मोठ्याने उच्चारली जाते आणि तिला गावाचा होकार मिळतो. माझ्या मते निम्मी काळजी इथेच उतरते, देवाचा कौल पुढे काहीही येवो.

मग कौल. पुजारी पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या मूर्तीच्या अंगावर डाव्या-उजव्या बाजूंना चिकटवतो, प्रश्न सांगतो आणि सगळे वाट पाहतात. घंटा थांबलेली असते, समईची वात तेवढी हलते. उजवी पाकळी आधी पडली तर बहुतेक ठिकाणी होकार समजतात. कधी कधी पाकळ्या जागच्या हलत नाहीत. तेव्हा प्रश्न पुन्हा नीट मांडायला सांगतात. जागा बघावी का, सोयरीक करावी का, ऑपरेशन आता की नंतर, असे प्रश्न घेऊन शिकलेली माणसेही रांगेत असतात. बुद्धिवाद्यांना हे पटत नाही, आणि दुखणेकऱ्याला डॉक्टरऐवजी कौलावर ठेवले तर त्यांचे म्हणणे बरोबरच आहे. पण दोन वाटा सारख्याच बऱ्या किंवा सारख्याच वाईट असतात तेव्हा रात्र-रात्र घोळत बसण्यापेक्षा एक पाकळी पडणे पुरते.

अंगवण ही तिसरी पायरी. अंगवण म्हणजे नवस. काम झाले की तो फेडायचा: अभिषेक, ओटी, लोटांगण, नाहीतर नारळ-केळी-साखरेची तुला. उपकार मानणे इथे नुसत्या भावनेवर सोडलेले नाही. फेडायचे राहिले तर घरातले कोणीतरी दहा वर्षांनीही आठवण करून देते.

या सगळ्यामागचा मोठा पेच सोळाव्या शतकातला आहे. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. 1540 च्या सुमारास तिसवाडीतली देवळे पडू लागली, 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह्यांना शिक्षा करणारे चर्चचे न्यायालय, आले आणि त्याच दशकात साष्टीतल्या देवळांवर पाळी आली. मंगेशाला कुठ्ठाळीहून प्रियोळला, शांतादुर्गेला केळशीहून कवळ्याला, म्हाळसेला वेर्ण्याहून म्हार्दोळला, दामोदराला मडगावहून जांबावलीला, तेव्हाच्या पोर्तुगीज अमलाबाहेर, नेण्यात आले. जमिनी, बागायती, देवळाचे उत्पन्न सगळे मागे राहिले. ज्याच्यावर भार घालायचा त्या देवालाच माणसांनी खांद्यावर घेऊन नदीपार पोहोचवले! देव संकट टाळतो एवढाच विश्वास असता तर तो त्याच वेळी मोडला असता. टिकला तो ‘देव आपल्याबरोबर आहे’ हा विश्वास, आणि तो हरल्या माणसांनाही पेलता येतो. परिस्थिती सुधारल्यावर फेडही झाली. छत्रपती शाहूंच्या दरबारातले मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने कवळ्याचे आजचे देऊळ 1738 च्या सुमारास उभे राहिले. त्याआधी 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याला सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार करवला होता.

नवस-सायासाला कंटाळलेला एक सूरही याच मातीत आहे. संतकवी सोहिरोबानाथ आंबिये (जन्म 1714) यांचे घराणे मूळ पेडण्यातल्या पालयेचे, ते स्वतः बांद्याचे कुळकर्णी. सावंतवाडीच्या दरबाराचे बोलावणे आले म्हणून निघाले असता इन्सुलीच्या रानात फणस खायला बसले, तिथे आलेल्या नाथपंथी योग्याला त्यांनी गरे दिले आणि मन पालटले, अशी आख्यायिका आहे. कुळकर्णीपण सोडले हे मात्र खरे. त्यांच्या पदांत देवाकडे मागणे फारसे नाही; मागायची गरजच सरल्याचा मोकळेपणा आहे. गोव्याच्या भजनी मंडळींच्या ओठांवर ती पदे तुकोबांच्या अभंगांइतकीच आहेत. तरीही अंगवण काही बंद झाली नाही. दोन्ही सुखाने नांदतात, एकाच घरातसुद्धा.

उपकाराची बाजू चवथीला उघड दिसते. गणपतीच्या डोक्यावर माटोळी, म्हणजे फळा-रानफळांचे छत, बांधतात: नारळाची पेंड, सुपारीचे घड, तोरंजन, चिबूड, रानातून शोधून आणलेली कांगलां. दुसऱ्या दिवशी नव्याची पंचमी. शेतातली नवी कणसे आणून पुजायची आणि दारावर लावायची. ख्रिस्ती गावांतही कणसांचे फेस्त होते, पाद्री नवे कणीस आशीर्वाद देऊन वाटतो. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे मेरीमातेला, हिंदू भाविक तेल वाहतात; लोकांच्या लेखी ती शिरगावच्या लईराई देवीची बहीण. बऱ्या झालेल्या हाताचा, पायाचा, डोळ्याचा मेणाचा आकार चर्चमध्ये वाहण्याची चाल तर अंगवणीची सख्खी शेजारीण. धर्म बदलला, देणे फेडायची सवय बदलली नाही.

वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह या परंपरेतला त्या मानाने नवा. मुरगाव बंदर आणि रेल्वे आल्यावर वाढलेल्या या शहरात एकोणिसावे शतक सरताना प्लेगची साथ शिरली. मुंबईत ती 1896 मध्येच आली होती. वास्कोची माणसे जांबावलीला गेली, दामोदराला गाऱ्हाणे घातले आणि तिथून नारळ घेऊन आली. तो मांडून त्यांनी अखंड चोवीस तास भजन केले. साथ ओसरली, अशी लोकांची श्रद्धा आहे. पुढच्या वर्षी भजन पुन्हा झाले, मग दरवर्षी होत गेले. नाव सप्ताह असले तरी भजन चोवीस तासांचेच असते. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी नवा नारळ ठेवून ते सुरू होते, रात्री वेगवेगळ्या व्यवसायांतल्या समाजांचे पार, म्हणजे भजनी दिंड्या, वाजत-गाजत येतात, आणि समाप्तीला आदल्या वर्षीचा नारळ समुद्रात सोडतात. साथ संपून शतक लोटले तरी फेड चालूच आहे. 2020 मध्ये कोविडमुळे दुकानांची फेरी, म्हणजे जत्रा, भरली नाही. दामोदरापुढचे भजन मात्र मोजक्या माणसांत झाले.